बॉनेटवरचं वशिंड

मी एकदा एका गाडीच्या बॉनेटवर एवढं उंच वशिंड बसवलं, की गाडी चालवणाऱ्या बाईला समोर उभा असलेला हत्ती दिसला नाही. हत्ती फायबरचा होता, आमच्याच वर्कशॉपमधला, भांडगावच्या एका मंगल कार्यालयाच्या दारात उभा राहण्यासाठी रंगवून ठेवलेला. पण हत्ती तो हत्तीच. सोंड वर केलेली, पाठीवर लाल झूल. तो दिसला नाही. आणि त्यात चूक त्या बाईची नव्हती, माझी होती, हे कळायला मला सोंड तुटून खाली पडल्यावरसुद्धा बराच वेळ लागला.

तेव्हा मी तरुण होते. म्हणजे पंचावन्नची. नात म्हणते, आजी, पंचावन्नला तरुण म्हणत नाहीत. पण आपल्याला सगळं कळतं असं ज्या वयात वाटतं, ते माझ्या मते तरुणपण. आणि ते मला जरा उशिरा आलं. विशीत मला काही कळत नव्हतं आणि ते मला माहीत होतं. पंचावन्नला मात्र मी कमरेवर हात ठेवून उभी राहायचे, तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढायचे आणि पुण्याहून आलेल्या गाडीवाल्यांना सांगायचे, "ठेवून जा. काय करायचं ते मी बघते." आज ती पंचावन्नची मी समोर आले तर स्वतःलाच आधी खाली बसवीन आणि पाणी देईन.

आमचं वर्कशॉप कासुर्डी आणि यवतच्या मधे, सोलापूर रस्त्याला लागून. मालक, म्हणजे आमचे हे, पत्र्याचं काम करतात. चेपलेलं दार ठोकून ठोकून सरळ करावं तर त्यांनीच. मी फायबर करते. आधी बॉनेटवरच मातीत आकार घडवायचा, त्यावरून साचा काढायचा, साच्यात काचेच्या धाग्याची मॅट अंथरून वर रेझिन ब्रशनं दाबून बसवायचं, कडक झालं की साच्यातून सोडवायचं आणि मग घासत बसायचं. घासताना जी पांढरी पूड उडते ती मानेत गेली की अशी खाजते, की माणूस देवाला नाही तर निदान नळाला तरी शरण जातो.

विहारांसाठी बुद्धमूर्ती, कार्यालयांसाठी हत्ती आणि मोर, ट्रॅक्टरची छतं, असं आमचं काम. हात बसला तो लहानपणी, शिरूरला. घोडनदीच्या काठची माती आणून आम्ही पोरी पोळ्याचे बैल करायचो. शिंगं कुणालाही जमतात. अवघड असतं ते वशिंड. जरा पुढे सरकलं की बैल म्हातारा दिसतो, मागे सरकलं की त्याचा उंट होतो. माझं वशिंड जागच्या जागी बसायचं, आणि आमच्या आळीतल्या निम्म्या घरांतले बैल माझ्याकडे वशिंडाला यायचे. त्याचा मला तेव्हापासून माज.

जुन्या गाड्यांचं काम आलं ते नंतर. पूर्वी अमेरिकेत दणकट इंजिनाच्या, लांब तोंडाच्या गाड्या निघायच्या, मसल कार म्हणतात त्यांना. त्यांच्या बॉनेटवर मधोमध एक उंचवटा असतो, पुढून उघडा. त्यातून हवा आत जाते, इंजिनाला श्वास मिळतो. इंग्रजीत त्याला स्कूप म्हणतात. मालकांनी पहिल्यांदा फोटो पाहिला आणि म्हणाले, "हे तर वशिंड हाय की!" तेव्हापासून आमच्याकडे वशिंडच. खरी अमेरिकन गाडी आमच्या दारात फार क्वचित आली. आपल्याकडची हौशी माणसं आणतात ती कॉन्टेसा. तशीच लांब, तशीच रुंद, पेट्रोल तसंच पिणारी. तिला वशिंड लावलं की ती अमेरिकेच्या बाजूला थोडी सरकते.

अशीच एक कॉन्टेसा एक दिवस शिरूरहून आली. चालवत आणली होती एका उंचेल्या पोरानं, पोरगा कसला, चांगला तिशी ओलांडलेला, कोंबड्यांची शेड असलेला गडी. शेजारच्या सीटवरून त्याचे काका उतरले, एक हात गाडीच्या टपावर ठेवून, दुसरा हवेत. मागून काकू उतरल्या, बुटक्या, जेमतेम माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, आणि न बोलता येऊन त्यांनी तो हवेतला हात धरला. साखरेनं काकांचे डोळे नेले होते. उजेड आणि अंधार कळायचा, तेवढंच.

"जय भीम," मालक उभे होते बरोबर त्या दिशेला बघून काका म्हणाले. "वशिंडवाली ताई कुठाय?"

मी काकांना मामा म्हणू लागले आणि काकूंना मामी. मामांनी सगळी नोकरी या एकाच गाडीवर काढली होती. शिरूरजवळच्या एका कारखान्यात साहेबांचे ड्रायव्हर. कारखाना बंद पडला, साहेब गेले, गाडी मामांनी घेतली. साहेबांच्या केबिनमधे एक कॅलेंडर असायचं, परदेशी गाड्यांचं. त्यातल्या एका पानावर वशिंडवाली काळी गाडी होती. साहेब मीटिंगमधे गेले की मामा ती बघत बसायचे.

"तवा ठरवलं हुतं, आपली झाली की तिला ह्ये लावायचं," मामा म्हणाले. "आपली झाली तवा डोळं ऱ्हायलं न्हाईत. म्हणलं, हाताला तरी लागंल."

आता मला तेव्हा ठाऊक नसलेली एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगून ठेवते, म्हणजे माझा मूर्खपणा तुम्हाला नीट दिसेल. गाडी उभी असायची पुतण्याच्या शेडमधे. त्याला जागा हवी होती, आणि पुण्याची एक पार्टी गाडी घ्यायला तयार होती. त्याचंही चूक नव्हतं. चालवणारा आंधळा झाला, मूलबाळ नाही, मग उभी करून गंजवायची कशाला, असं त्याचं म्हणणं. मामांनी त्याच्याशी बोली केली होती. वशिंड बसलं की मामी स्वतः गाडी चालवत शिरूरला आणणार. आणली तर गाडी राहील. नाही आणली तर पार्टीला फोन करायचा. एवढं सगळं त्या तिघांमधे ठरलेलं होतं आणि माझ्यापर्यंत त्यातलं काही आलं नव्हतं. आलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

माती लावायला घेतली तेव्हा मामा बॉनेटशी उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही तळवे मातीवर ठेवले. एवढी वर्षं मूर्ती केल्या, पण कुणी असं काम बघताना मी पाहिलं नव्हतं. अंगठे दोन बाजूंना, बोटं वरून फिरत पुढे, तोंडाच्या कडेपर्यंत, मग पुन्हा मागे. डोळे मिटलेले. ते मिटायची गरज नव्हती, पण मिटलेले.

"अजून वर," ते म्हणाले.

मी माती चढवली.

"अजून. कॅलिंडरात छाती काढून उभी हुती ती."

मी अजून चढवली. मलाही तेच हवं होतं. खरं सांगायचं तर मामांपेक्षा जास्त मला हवं होतं. हायवेनं जाणाऱ्यांनी मान वळवून विचारावं, हे कुणी केलं? वशिंड वीतभर झालं. मागून निमुळतं, पुढे छाती, तोंड रुंद. लांबून पाहिलं तर खिल्लारी बैल मान खाली घालून रस्त्याला लागलाय असं वाटावं. मी पाचदा लांब जाऊन पाहून आले. समोरून पाहिलं, बाजूनं पाहिलं, टपरीवरून चहा पिताना पाहिलं. एका जागेवरून मात्र पाहिलं नाही, स्टिअरिंगच्या मागून. तिथं मी आयुष्यात बसलेच नव्हते. दारात रोज गाड्या असायच्या, मी त्यांच्या बॉनेटवर चढायचे, खाली शिरायचे, पण ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं कधी मनातही आलं नाही. ती जागा दुसऱ्या कुणाची तरी असते, असं कुणी न सांगताच डोक्यात बसलेलं.

साचा काढण्यापूर्वी एवढं मात्र मी करायचे, की चालवणाऱ्याला सीटवर बसवून विचारायचे, रस्ता दिसतो ना? म्हणून मी पुतण्याला हाक मारली.

"बस रे बाबा आत. दिसतंय का?"

तो बसला. डोकं टपाला टेकलेलं. "मस्त दिसतंय, मावशी."

मामी स्टुलावर बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "ताई, जास्त उंच न्हाई ना व्हनार?"

आणि मी, कमरेवर हात ठेवलेल्या त्या बाईनं, सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं, "मामी, तुम्हाला काय करायचंय उंचीचं? तुम्ही आपलं बाजूला बसून मेथी निवडा शिरूर येईस्तोवर!"

सगळे हसले. मालक हसले, पुतण्या हसला. मामीपण हसल्या, पदर तोंडाला लावून. मामा तेवढे हसले नाहीत. त्यांचा हात मातीवर होता, तो तिथंच थांबला. मला वाटलं, मातीत खडा लागला असेल.

साचा झाला, फायबर झालं, बॉनेटला भोक पाडून मालकांनी वशिंड बेमालूम बसवलं. जोडावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासली, वर काळा रंग मारला. असा, की त्यात तोंड बघून कुंकू लावावं. न्यायला तिघं आले त्या दिवशी मी साडीपण बदलली होती.

पुतण्यानं चावी मामींच्या हातात दिली. मी त्याच्याकडे बघितलं, मग मामींकडे. मामींनी घरून एक उशी आणली होती. ती त्यांनी ड्रायव्हरच्या सीटवर ठेवली, पदर खोचला आणि चढून बसल्या. मामा शेजारी. त्यांचा चेहरा पोरासोरांसारखा झालेला.

"मामी चालवणार?" मी मालकांना विचारलं.

"मला काय इच्यारतीस? चावी त्यांच्या हातात हाय."

मामींनी मान उंच केली. मग डावीकडे वाकवली. मग माझ्याकडे काचेतून पाहिलं. त्या नजरेत प्रश्न होता, आता मला तो लख्ख कळतो. तेव्हा मी हातानं खूण केली, चला, चला, आणि मनात म्हटलं, घाबरली बाई.

इंजिन सुरू झालं. गाडी दोन हात सरळ गेली, तिसऱ्या हाताला जरा वळली आणि जाऊन हत्तीला लागली. फार जोरात नाही. पण फायबरची सोंड, ती वरच्या वर मोडली आणि त्या नव्या काळ्या वशिंडावर आपटून खाली आली.

मग पुतण्या बोलला, आणि तो रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. तो अगदी मायेनं बोलला.

"काकू, ऱ्हाऊ द्या. एवढा मोठा हत्ती दिसला न्हाई तुमाला. हायवेवर टँकर कसा दिसंल? काकांचं ऐकून नसता जीव धोक्यात घालू नका. मी पार्टीला फोन लावतो."

"काय झालं?" मामा विचारत होते. "अगं, काय झालं? कशाला लागली?"

मामींचे दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर. आणि मी काय म्हणाले असेन? मीही तेच म्हणाले, "अहो मामी, एवढा हत्ती!" माझा हत्ती, माझी सोंड. मंगल कार्यालयवाल्याला काय सांगू, याचाच विचार माझ्या डोक्यात.

मामी उतरल्या आणि बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. मामा आतच. पुतण्या फोन घेऊन रस्त्याच्या बाजूला गेला, तिथं रेंज बरी येते. त्याचा फोन लागत नव्हता, एवढी एक गोष्ट त्या दिवशी आमच्या बाजूनं घडली.

मामींची चप्पल ब्रेकखाली अडकून राहिली होती. ती काढायला मी दार उघडलं, खाली वाकले, चप्पल हाताला येईना म्हणून सीटवर टेकले. त्या उशीवर. मामींच्या जागेवर. जुनी सीट, स्प्रिंग पार बसलेली, उशीसकट मी खाली गेले. मी मामींपेक्षा उंच, तरी खाली गेले. आणि वर पाहिलं.

समोर वशिंड होतं. बाकी काही नव्हतं. काळं, चकचकीत, सुंदर वशिंड, आणि त्याच्या वर आभाळ. हत्ती नाही, रस्ता नाही, फाटक नाही. मी मान वाकवली, डावीकडे, मग उजवीकडे, अगदी मामींनी वाकवली होती तशी.

शेजारून मामा म्हणाले, "कोण बसलंय?"

"मी, मामा."

"दिसतंय का काही?"

"नाही."

त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाले, "मग तुमी बी माझ्यातल्याच झाला की."

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आलं की माणूस फार वाईट दिसतो. मी उतरले, चप्पल तशीच हातात, आणि रस्त्याकडे ओरडत सुटले, "फोन ठेव! अरे, ठेव तो फोन!" पुतण्याला वाटलं असेल, बाई चप्पल घेऊन मारायला येते. तो खरंच दोन पावलं मागे सरला. मी त्याचा हात धरून त्याला आणला आणि सीटवर बसवला.

"आता खाली सरक. अजून. काकूएवढा हो. गुडघे वर घे पाहिजे तर."

तो घसरत खाली गेला. मान डावीकडे वाकवली, मग उजवीकडे.

"मावशी," तो म्हणाला, "हितून तर काहीच दिसत न्हाई."

"काकूंना हत्ती दिसला नाही, कारण मी त्यांच्यासमोर डोंगर उभा केला. गाडी कोण चालवणार हे मी विचारलं नाही. तुला बसवलं. मला वाटलं, बाप्या माणूस म्हणजेच ड्रायव्हर."

मालक सोंड उचलून उभे होते. "सोंड जोडता यील," ते म्हणाले. "तुझं नाक कसं जोडायचं ते बघ आता."

पुतण्या मनानं वाईट नव्हता. म्हणाला, पुढच्या आठवडी बाजारापर्यंत पार्टीला थांबवतो. पण बोली ती बोली, काकूंनी स्वतः शिरूरपर्यंत आणायची, न्हावरे मार्गे, भीमेच्या पुलावरून. मी हो म्हटलं. मग मी मामींजवळ गेले आणि विचारलं, "तुम्ही चालवणार, हे बोलला का नाहीत मला?"

"तुमी इच्यारलंच न्हाई," मामी म्हणाल्या. "आन् मेथीचं बोलल्यावर मग काय सांगायचं?"

गाडी ठेवून ते गेले नाहीत. मामी थांबल्या, मामाही थांबले, यवतला मामींची कुणी बहीण होती तिच्याकडे. रोज सकाळी दोघं हजर. तेव्हा कळलं, मामींना शिकवलं मामांनीच. शिरूरला मोकळ्या मैदानावर, पहाटे, शेजारच्या सीटवर बसून. रस्ता मामी सांगायच्या आणि गिअर मामा. इंजिनाच्या आवाजावरून ते म्हणायचे, आता टाक दुसरा, आता क्लच सोड, सावकाश, रडवू नको तिला. लायसनच्या परीक्षेला आरटीओच्या साहेबानं मामींना विचारलं, कुठं शिकला? मामी म्हणाल्या, घरीच.

मी नवं माप काढलं. मामींना उशीवर बसवलं, सुतळीचं एक टोक त्यांच्या डोळ्याशी धरायला दिलं आणि दुसरं टोक घेऊन मी गाडीच्या पुढे चालत गेले, त्या म्हणतील तिथपर्यंत.

"हितं दिसलं पाहिजे का, मामी?"

"अजून जवळ या. एखादं कुत्रं आडवं आलं तर?"

"इथं?"

"व्हय. हितं कुत्रं दिसंल."

तिथं मी दगड ठेवला. सुतळी ताणली. ती बॉनेटच्या वरून जिथून गेली, त्याच्या खाली काय मावेल तेवढंच आपलं. फार मावत नव्हतं. वशिंडाचं जे पुढचं उंच तोंड मला इतकं आवडलं होतं, तेच सगळ्यात जास्त आड येत होतं. म्हणून मी ते मोडलं. वशिंड मागे सरकवलं, काचेकडे, आणि तीन बोटांवर आणलं. पुढे तोंड ठेवायला उंचीच उरली नाही, तेव्हा तोंड मागे काचेच्या बाजूला उघडलं. काचेपाशी वारा येऊन दाटतो, तिथूनही हवा आत जाते. पुढे फायबर बसल्यावर मालकांनी इंजिन चालू करून तिथं कागद धरला, तो आत ओढला गेला. उंची गेली ती रुंदीत घेतली. लांबून पाहिलं तर वशिंड आहे की नाही असं वाटावं. हायवेवरून कुणी मान वळवून बघणार नव्हतं.

आता मामांना कसं सांगायचं? कॅलेंडरातल्या गाडीसाठी त्यांनी एवढी वर्षं काढली आणि मी त्यांना तीन बोटं देणार. ओल्या मातीशी त्यांना आणून उभं केलं. त्यांनी तळवे ठेवले. हात सवयीनं वर गेले, वीतभर, आणि तिथं हवाच होती. मग ते सावकाश खाली आले. मातीवर टेकले. अंगठे बाजूला, बोटं पुढे. या वेळी बोटांना फार लवकर सगळं सापडलं. तरी त्यांनी दोनदा हात फिरवला.

मामी त्यांच्याकडे बघत होत्या. मी मामींकडे. आणि मला वाटत होतं, आता हे म्हणणार, अजून वर.

"ह्यो बैल न्हाई," मामा म्हणाले.

"नाही, मामा."

"गोऱ्हा हाय."

"हो."

त्यांनी मातीवर थाप मारली, जनावराच्या पाठीवर मारतात तशी. "हिला दिसतंय का ह्याच्यावरनं?"

"कुत्रंसुद्धा दिसतंय," मामी म्हणाल्या.

"मग गोऱ्हाच बरा," मामा म्हणाले. "बैल घिऊन काय करू? दावणीला बांधू?"

बाजाराच्या दिवशी रंग वाळला होता. हत्तीला मालकांनी नवी सोंड जोडली होती आणि तो आपणहून, म्हणजे आम्ही चौघांनी ढकलून, भिंतीकडे सरकला होता. पुतण्या त्याचा पिकअप घेऊन आला, मागे मागे येणार होता. मामी बसल्या, मामा बसले. मामा काच खाली करून म्हणाले, "ताई, तुमी बी चला. वाटंत हत्ती आडवा आला तर धरायला कोण?"

मी मागे बसले. खरं तर मला फार भीती वाटत होती. मामींची नाही, माझ्या कामाची. चौफुल्याला उसाच्या ट्रॉल्या उभ्या होत्या, दोन्ही बाजूंनी, मधून जेमतेम एक गाडी जाईल. मामी थांबल्या. मागून कुणी तरी हॉर्न वाजवला. मामा म्हणाले, "वाजवू दे. पहिला टाक." त्यांनी पहिला टाकला आणि गाडी ट्रॉल्यांच्या मधून अशी नेली, जशी आपण गर्दीतून डोक्यावर हंडा घेऊन जातो. भीमेचा पूल आला. समोरून एसटी आली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा पूल मागे पडला होता, मामी नाकावर आलेला घाम खांद्याला पुसत होत्या आणि मामा म्हणत होते, "पुलाचा आवाज बदलला बघ. आता जमिनीवर आलो."

न्हावऱ्याला रस्त्याकडेला भाजीवाल्या बसल्या होत्या. मामींनी गाडी कडेला घेतली. पिकअप शेजारी येऊन थांबला. पुतण्या वाकून काचेतून म्हणाला, "काकू, मी पुढं हुतो. शेडमधी कोपऱ्यात खाद्याची पोती लावलीत, ती हलवतो. न्हाईतर गाडी आत कशी घेनार तुमी?"

"सावकाश हलव," मामी म्हणाल्या. "मला घाई न्हाई."

मामांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि बॉनेटकडे लांबवला. तिथपर्यंत पोचत नव्हता. तसाच ठेवला त्यांनी, उन्हात.

आता वर्कशॉपमधे जुन्या गाड्या येतात त्यांची वशिंडं नात कॉम्प्युटरवर काढते, वळवून वळवून दाखवते, छान काढते. मी तिला एवढंच विचारते, चालवणार कोण? मग सुतळी देते. ती कुरकुरते, पण धरते. तिला हत्तीची गोष्ट अर्धीच ठाऊक आहे, म्हणून ही लिहिली.

तर न्हावऱ्याला मामी उतरल्या, भाजीवालीशी थोडी घासाघीस केली आणि मेथीच्या दोन जुड्या घेऊन आल्या. मागचं दार उघडून त्या माझ्या मांडीवर ठेवल्या, वर एक रिकामी पिशवी टाकली. मग पुढे जाऊन उशीवर बसल्या, आरसा सरळ केला, त्यात मी दिसेपर्यंत फिरवला, आणि गाडी सुरू करून म्हणाल्या, "ताई, आता तुमी निवडा मेथी शिरूर येईस्तोवर. आन् काड्या खाली सांडू नका, गाडी माझी हाय."